सेकंडहँड सेसना १७२: अमेरिकेतून आणायची की व्हीटी नोंदणीचीच घ्यायची?

दोन्हीकडे विमान तेच आहे असं धरू: सेसना १७२एस, चार आसनी, कमाल वजन ११५७ किलो, १८० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन. एक अमेरिकेतल्या हँगरमध्ये, शेपटीवर 'एन'ने सुरू होणारा क्रमांक. दुसरं इथल्या एखाद्या फ्लाइंग स्कूलचं, व्हीटी म्हणजे भारतीय नोंदणीचं. जाहिरातीत अमेरिकेतलं बरंच स्वस्त दिसतं आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच थांबतो. खरा फरक पडतो तो डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) नोंदणी प्रमाणपत्र तुमच्या नावाने हातात येईपर्यंतच्या कागदांत.

आधी वापर ठरवा, कारण करही त्यावरच ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे. प्रशिक्षण किंवा चार्टरसाठी तो ५ टक्के. आयातीतही हाच फरक लागतो, सीमाशुल्क, वाहतूक आणि विमा वेगळे. म्हणजे शनिवार-रविवारी स्वतः उडवायला विमान हवं असेल, तर अमेरिकेतला स्वस्तपणा न्हावाशेवालाच संपतो. फ्लाइंग स्कूल काढायचं असेल तर गणित उलटं होतं: एकाच वर्षाची, एकाच प्रकारच्या उपकरणांची तीन-चार विमानं भारतात एकदम मिळणं कठीण, तिकडे ती मिळतात.

आयातीत कामाचा क्रम चुकला की महिने जातात. पैसे देण्याआधी डीजीसीएची आयातीची परवानगी घ्या. विमानाचं वय आणि मॉडेल नियमात बसतं का, हे त्याच वेळी कळतं. मग तिकडची तपासणी आणि एफएएचं (अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचं) एक्स्पोर्ट सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दिनेस, म्हणजे निर्यातीसाठी विमान उडण्यायोग्य असल्याचा दाखला. नोंदणी रद्द करणं त्यानंतर, कारण ती रद्द झाली की विमान तिथे उडवता येत नाही. चाचणी उड्डाणात काही निघालं तर ते आधीच निघालेलं बरं. एकाच वेळी दोन देशांत नोंदणी चालत नाही (१९४४ चा शिकागो करार, कलम १८), त्यामुळे अमेरिकेची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आल्याशिवाय इथली फाईल हलत नाही. तो ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीतून येतो. विक्रेत्याच्या लेखी अर्जात विमान कोणत्या देशात जाणार ते लिहिलेलं लागतं, आणि विमानावर कर्ज नोंदलेलं असेल तर ते फिटल्याचा कागद किंवा कर्ज देणाऱ्याची संमती लागते. दहा-बारा वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज रजिस्ट्रीत तसंच नोंदलेलं राहिलंय, असा प्रकार दुर्मीळ नाही. म्हणून टायटल सर्च, म्हणजे मालकी आणि बोज्यांची तपासणी, सौद्याच्या आधी करून घ्यावा.

तिकडच्या लॉगबुकात दोन गोष्टी बारकाईने बघाव्या. लायकमिंगच्या या इंजिनाचा टीबीओ (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करण्याची, म्हणजे ओव्हरहॉलची मुदत) २००० तास किंवा १२ वर्षं. अमेरिकेत खासगी मालकाला ती शिफारस असते, म्हणून १५ वर्षं न उघडलेलं इंजिनही तिथे कायदेशीर उडत असतं. इथे मंजूर मेंटेनन्स प्रोग्राममध्ये जे लिहिलंय ते पाळावंच लागतं. अशा विमानाच्या किमतीत इंजिन ओव्हरहॉल मिळवूनच तुलना करा. दुसरं, फॉर्म ३३७, म्हणजे विमानात केलेल्या मोठ्या बदलांची नोंद. कोणी वेगळा जीपीएस बसवला, कोणी सीटबेल्ट बदलले. त्यामागे एसटीसी (त्या बदलाच्या डिझाइनला मिळालेली अधिकृत मंजुरी) असेल तर तो इथे दाखवता येतो. नुसत्या तिथल्या इन्स्पेक्टरच्या सहीवर झालेला बदल इथे सिद्ध करणं जड जातं, आणि कधी कधी तो भाग काढून मूळचा बसवणंच स्वस्त पडतं.

विमान आणायचं उडवत की कंटेनरमधून? एका इंजिनाचं १७२ जादा टाकी लावून अटलांटिकवरून आणणारे फेरी पायलट आहेत, पण ते विमान येईपर्यंत कुठल्या तरी देशाच्या नोंदणीवर असावं लागतं, म्हणजे वर सांगितलेला क्रम पुन्हा मांडावा लागतो. आमच्या मते कंटेनरच बरा. पंख आणि शेपटीचे भाग उतरवले की ४० फुटी कंटेनरमध्ये विमान बसतं. इथे मान्यताप्राप्त संस्थेकडून जोडणी, कंट्रोल केबलचा ताण आणि रिगिंग (पंख व नियंत्रणाच्या भागांची अचूक जुळणी), नव्याने वजन, मग चाचणी उड्डाण.

फाईल अडते ती बहुधा क्षुल्लक गोष्टीवर. शेपटीजवळच्या धातूच्या पट्टीवर सिरियल नंबर असतो, या मॉडेलचा '१७२एस' आणि पुढे चार किंवा पाच आकडे. विक्रीच्या बिलात नुसतं 'सेसना १७२' लिहिलेलं असलं की बिल ऑफ एन्ट्रीत (कस्टम्सच्या आयात कागदात) तेच उतरतं, आणि डीरजिस्ट्रेशनच्या कागदाशी जुळत नाही. इंजिन आणि प्रोपेलरचे नंबरही बिलात घालून घ्या. कस्टम्समधून माल सुटल्यावर दुरुस्ती करून घेणं फार त्रासाचं.

नंबर बदलला की रंगकामही आलं. अमेरिकन विमानाच्या पंखाखाली क्रमांक नसतो. इथे फ्यूजलाजवर (विमानाच्या धडावर) किमान ३० सेंटिमीटर आणि पंखाखाली ५० सेंटिमीटर उंचीची अक्षरं लागतात, शिवाय आत क्रमांक कोरलेली न जळणारी धातूची पट्टी. ('व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयज टेरिटरी' ही दंतकथाच. पुढची तीन अक्षरं मागताना क्यूने सुरू होणारी, किंवा एसओएस, पॅन अशी मागू नका, रेडिओचे आणि संकटाचे संकेत असल्याने ती मिळणार नाहीत.) ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) २४ बिटचा पत्ता अमेरिकेचा असतो, तो भारताचा घालावा लागतो. ईएलटीतही (अपघातात संकटाचा सिग्नल देणाऱ्या यंत्रातही) देशाचा कोड बदलून ४१९ करायचा आणि बेंगळुरूच्या इंडियन मिशन कंट्रोल सेंटरकडे नोंद करायची. हे राहिलं आणि ईएलटी वाजला, तर शोध घेणारे पहिला फोन अमेरिकेतल्या जुन्या मालकाला करतील. रेडिओसाठी डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार विभागाच्या वायरलेस परवाना शाखेचं) एअरो मोबाइल लायसन्स वेगळं.

व्हीटी विमानात यातलं जवळजवळ काहीच नाही. क्रमांक तोच राहतो, फक्त मालक बदलतो: ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर) सीए-२८ हा नोंदणीचा अर्ज, विक्री करार, जुनं नोंदणी प्रमाणपत्र, विमा, भारतकोश या सरकारी पोर्टलवर फी. विमान गहाण असेल तर बँकेचा ना हरकत दाखला लागतो. मालक कंपनी असेल तर तिच्यावरचे बोजे कंपनी निबंधकांच्या नोंदीत स्वतः तपासा. केप टाउन कराराच्या (विमानांवरच्या कर्जहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) आंतरराष्ट्रीय रजिस्ट्रीत शोधून उपयोग नाही, तिच्यात किमान आठ जण किंवा २७५० किलोंहून जास्त माल नेणारी विमानंच येतात.

इथला खरा सापळा कस्टम्सचा आहे. फ्लाइंग स्कूलने शुल्कात सवलत घेऊन विमान आणलं असेल, तर ते प्रशिक्षणासाठीच वापरू असं हमीपत्र दिलेलं असतं. खासगी माणसाने ते घेतलं आणि वापर बदलला, की वाचवलेल्या शुल्काची मागणी निघू शकते. म्हणून मूळ बिल ऑफ एन्ट्री मागा. त्यावर सवलतीची अधिसूचना आणि अट लिहिलेली असते. 'ते जुन्या ऑफिसात कुठेतरी असेल' असं उत्तर आलं तर सौदा थांबवा.

तासांना मात्र घाबरू नका. रोज उडणारं, दर १०० तासांनी तपासलेलं ९००० तासांचं विमान आम्ही तीन वर्षं उभ्या असलेल्या १५०० तासांच्या विमानाआधी घेऊ. या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि जुहूसारख्या दमट हवेत तो गंजतो. ऑइल फिल्टर कापून आतली घडी पांढऱ्या कापडावर उलगडा. लोहचुंबकाला चिकटणारी चमकी दिसली तर इंजिन उघडावं लागणार हे धरून चाला. एआरसी (विमान उडण्यायोग्य असल्याच्या तपासणीचा दाखला) संपलेली असेल तर ती विक्रेत्याने नवी करून द्यावी. तिची मुदत एक वर्षाची असते, आणि 'तुम्ही घ्या, मग होईल' या वाक्यात बहुधा न झालेल्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हचा (नियामकाने सक्तीच्या केलेल्या तपासणी-दुरुस्तीचा) खर्च लपलेला असतो.

थोडक्यात, वैयक्तिक वापरासाठी बिल ऑफ एन्ट्री स्वच्छ असलेलं व्हीटी विमान, आणि स्कूलसाठी तीन किंवा जास्त विमानं एकदम लागणार असतील तर आयात. एकच विमान हवं असलेल्या स्कूलनेही आधी इथेच शोधावं. इथल्या सौद्यात रकमेचा एक हिस्सा एस्क्रोमध्ये (त्रयस्थाकडे) ठेवा आणि तुमच्या नावाचं नोंदणी प्रमाणपत्र मिळाल्यावरच तो सुटेल असं करारात लिहा. आयातीत हीच अट डीरजिस्ट्रेशनच्या कागदावर घाला. अमेरिकन विक्रेता इथल्या प्रमाणपत्राची वाट बघायला तयार होत नाही.