रिफर्बिश्ड टॉवर सर्व्हर: नऊ महिने आणि एक फर्मवेअर अपग्रेड

सांगलीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हा सर्व्हर बसवून नऊ महिने झाले. मशीन नवं नव्हे, रिफर्बिश्ड, म्हणजे जुनंच दुरुस्त करून विकलेलं. झिऑन प्रोसेसर, ३२ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका पकडणारी) रॅम, ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क मिररमध्ये (एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर), वर डेबियन १२ हे लिनक्स आणि त्याच्या पोटात टॅलीसाठी विंडोजचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या मशीनवर होऊ शकतं.

पहिले सहा महिने लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. वीज जायची, यूपीएस सांभाळून घ्यायचा, बारा जणांचं काम चालू राहायचं. तक्रार एकच, पंख्यांची. साहेबांची केबिन भिंतीपलीकडेच. "अहो, कॉम्प्युटर आणलाय की पिठाची गिरणी?" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागायचं. नव्या फर्मवेअरच्या (बोर्डाच्या चिपमध्ये बसलेलं, मशीन चालू करणारं सॉफ्टवेअर) माहितीपत्रकात पंख्यांचा वेग सुधारल्याची एक ओळ दिसली आणि मला मोह झाला.

तोही कधी, तर जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आलेली असताना, शनिवारी संध्याकाळी. ही चूक माझी, मशीनच्या माथी मारत नाही. बीएमसीच्या (सर्व्हरवर दुरून लक्ष ठेवणारी बोर्डावरची वेगळी चिप) वेबपानावरून फाइल चढवली, शंभर टक्के झालं, मशीन आपणहून रीस्टार्ट झालं आणि पडदा काळा. पंखे विमान उडाल्यासारखे. पाच मिनिटं गेली तरी काही नाही. हात प्लगपर्यंत गेला होता. ओढला नाही ते नशीब. बायोस, म्हणजे हेच फर्मवेअर, बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना मशीन रॅमची जुळणी नव्याने करतं, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीच दिसत नाही. काही बोर्ड तर फर्मवेअरचा उरलेला भाग याच वेळी लिहितात. मध्येच वीज तोडली तर बोर्ड खरोखरच जाऊ शकतो.

सातव्या मिनिटाला लोगो आला. डेबियन मात्र आलं नाही. पिवळ्या अक्षरांत यूईएफआय शेल, म्हणजे नव्या धाटणीच्या बायोसची आज्ञा टाइप करायची खिडकी, येऊन थांबली. विक्रेत्याला फोन लावला. "सर, ओएस उडाली, री-इन्स्टॉल मारा." अर्ध्या मिनिटात निदान! ऐकलं असतं तर धडधाकट डिस्कवर मीच स्वतःच्या हाताने नांगर फिरवला असता.

डिस्कला काहीही झालं नव्हतं. यूईएफआय मशीनमध्ये कुठल्या डिस्कवरची कुठली फाइल चालवायची याची नोंद मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी न पुसणारी छोटी मेमरी) असते. अपग्रेडने सगळ्या सेटिंग मूळपदावर नेल्या, त्यात ही नोंदही पुसली गेली. नोंद नसली की फर्मवेअर डिस्कवर एकाच ठरलेल्या जागी बघतं: ईएफआय फोल्डरमधल्या बूट नावाच्या फोल्डरमध्ये. विंडोज आपली एक प्रत तिथेही ठेवतं, म्हणून विंडोजवाल्यांना हा त्रास सहसा जाणवत नाही. डेबियन आपला ग्रब (डेबियनला चालू करून देणारा छोटा प्रोग्राम) एरवी फक्त स्वतःच्या, डेबियन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. फर्मवेअरला ती ठरलेली जागा रिकामी दिसली, त्याने हात वर केले.

म्हणजे शेलमधून डिस्क निवडायची, डेबियनच्या फोल्डरमध्ये जायचं आणि ग्रबची फाइल नाव टाइप करून चालवायची. एवढंच. दोन मिनिटांत मेनू समोर. वर आल्यावर एफिबूटएमजीआर ही आज्ञा वापरून नोंद पुन्हा केली आणि ग्रबची एक प्रत त्या ठरलेल्या जागीही टाकून ठेवली. तेव्हाच लक्षात आलं की बूट पार्टिशन (मशीन चालू करणाऱ्या या फाइली असलेला डिस्कचा भाग) मिररमध्ये नव्हतंच, ते पहिल्या डिस्कवर एकटंच होतं. ती डिस्क गेली असती तर डेटा शाबूत असूनही मशीन उठलं नसतं. आता दुसऱ्या डिस्कवरही प्रत आहे. हे मला सहा महिन्यांपूर्वीच सुचायला हवं होतं.

वाटलं, सुटलो. कसलं काय! नेटवर्क नाही. नव्या फर्मवेअरने आतल्या उपकरणांचे क्रमांक सरकवले होते, त्यामुळे नेटवर्क कार्डचं नाव ईएनपी३एस० होतं ते ईएनपी४एस० झालं आणि जुन्या नावावर बांधलेला आयपी पत्ता लटकला. ते निस्तरलं तर टॅलीचं व्हर्च्युअल मशीन चालू होईना, कारण व्हर्च्युअल मशीनला लागणारी प्रोसेसरमधली इंटेलची व्हीटी सुविधाही अपग्रेडने बंद करून ठेवलेली. हे बूटच्या घोळापेक्षा जास्त चिडवणारं होतं. बूट होत नाही तेव्हा निदान दिसतं तरी की होत नाही.

रात्री साडेअकराला घरी गेलो. सोमवारी कुणाला काही कळलंही नाही.

घेऊ का, असं विचाराल तर घ्या. मशीन दणकट आहे, ईसीसी रॅमची एकही चूक लॉगमध्ये नाही, आणि हो, पंखे खरंच शांत झाले. मशीनला पाचपैकी चार. त्या माहितीपत्रकाला मात्र शून्य. सेटिंग पुसल्या जातील हे एका ओळीत छापता आलं असतं. अपग्रेडपूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. विंडोज सर्व्हरवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर तो आधी स्थगित करा, नाहीतर टीपीएम या सुरक्षा चिपमधली मोजमापं बदलल्यामुळे तो ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसेल, आणि ती की त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवणारे लोक मी पाहिलेत.

परवा फर्मवेअरची आणखी एक आवृत्ती आलेली दिसली. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. ३१ जुलै होऊन जाऊ दे, मग बघू.