अल्पसंख्याक कॉलेजला फीचा कायदा लागू नाही, असे सांगणाऱ्यापासून सावध राहा

२०२४ च्या पावसाळ्यात, शेतात सोयाबीनची डवरणी चालू असताना, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी मी एका मध्यस्थाच्या हातात १ लाख १० हजार रुपये रोख ठेवले. भाव वाढेल म्हणून घरात राखलेला कापूस त्यासाठी विकला. हा मनुष्य आर्णीजवळच्या आमच्या शेजारच्या गावचा. "काकाजी, मायनॉरिटी कॉलेज आहे. तिथं आपलं ओबीसी चालत नाही, कॅप राउंडला नंबर लागणार नाही, अन् फी किती घ्यायची ते संस्थाच ठरवते," हे त्याचे बोलणे मला अजून पाठ आहे. कॅप म्हणजे प्रवेशाची केंद्रीभूत प्रक्रिया.

यातला ओबीसीचा भाग खरा होता आणि त्यामुळेच मी बाकीच्यावर विश्वास ठेवला. अल्पसंख्याक संस्थांना आरक्षणातून वगळण्याची तरतूद राज्यघटनेच्या कलम १५(५) मध्येच आहे. फीचे मात्र तसे नाही. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे प्रवेश आणि शुल्क यांविषयी महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा आहे, त्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची फी ठरवते, आणि अल्पसंख्याक कॉलेजही त्यातून सुटत नाही. त्याच्या १० वर्षे आधी, १२ ऑगस्ट २००५ रोजी, इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केले होते की संस्था अल्पसंख्याक असो वा नसो, तिला नफेखोरी करता येणार नाही आणि कॅपिटेशन फी, म्हणजे आपण ज्याला डोनेशन म्हणतो ते, घेता येणार नाही. डोनेशनला मनाई करणारा राज्याचा कायदा तर १९८७ चा आहे. हे सगळे मला पैसे गेल्यावर कळले.

कॉलेजच्या खिडकीवर वर्षाच्या फीची छापील पावती मिळाली. रोख रकमेसाठी मात्र मध्यस्थाने खिशातल्या बियाणे कंपनीच्या डायरीचे पान फाडले आणि त्यावर "१.१० जमा" एवढेच लिहिले, तारीख नाही, सही नाही, कशापोटी जमा तेही नाही. मी पावतीचे विचारले, तेव्हा "काकाजी, भरोसा नाही का?" म्हणून तो हसला, आणि मीच ओशाळून पान घडी करून खिशात ठेवले.

खरा फटका पुढे बसला. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा फॉर्म भरायला आर्णीच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो, तेव्हा कागद पाहून तिथला मुलगा म्हणाला की हा प्रवेश संस्था स्तरावरचा, म्हणजे कॅपबाहेर कॉलेजने स्वतः दिलेला आहे, याला सवलत बसत नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे, पण प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो. मध्यस्थाने तर आम्हाला कॅपचा पसंतीक्रमही भरू दिला नव्हता. मुलीच्या जुन्या सरांनी त्याच कॉलेजच्या त्याच शाखेची कॅपची कटऑफ यादी मोबाइलवर उघडून दाखवली. शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या मुलाचे पर्सेंटाइल माझ्या मुलीपेक्षा कमी होते. मुलगी तेव्हा काही बोलली नाही, घरी आल्यावर एवढेच म्हणाली, "बाबा, मी फॉर्म भरायला पाहिजे होता."

मी लेखी तक्रार केली. संस्थेने उत्तर दिले की विद्यार्थिनीकडून मंजूर फीएवढीच रक्कम घेतली असून कोणत्याही मध्यस्थाशी संस्थेचा संबंध नाही. पावतीवरचा आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील आकड्याशी तंतोतंत जुळतो, त्यामुळे कागदावर संस्थेची चूक कुठे दिसतच नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून आहे ते डायरीचे पान.

म्हणून ज्यांची मुले यंदा प्रवेशाला आहेत त्यांनी कॉलेजची मंजूर फी आधी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहावी, कॅपचा पसंतीक्रम कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नये, आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये, मग मागणारा कितीही घरचा असो. हे आत्ताच लिहिण्याचे कारण असे की परवा कृषी केंद्रात बियाणे घ्यायला गेलो, तर गल्ल्याजवळ "इंजिनिअरिंग, फार्मसी डायरेक्ट ॲडमिशन" अशी पत्रके ठेवली होती आणि खाली त्याच माणसाचा मोबाइल नंबर होता.