गाडी कुणाकडून शिकायची: दादाकडून की क्लासच्या सरांकडून?

वयाच्या ४२ व्या वर्षी साताऱ्यात स्टिअरिंग हातात घेतलं, तेव्हा तळहातांना घाम फुटायचा. आधी दादाकडे शिकले, मग क्लास लावला.

दादा हवा तितका वेळ द्यायचा. पण त्याच्या बाजूला ब्रेक नव्हता, म्हणून तोही घाबरायचा आणि ओरडायचा. तो ओरडला की माझा क्लच सुटायचा, गाडी बंद.

क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. निम्मी भीती तिथेच गेली. पहिले दोन दिवस सरांनी ॲक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही. नुसता क्लच हळू सोडायचा, गाडी कुठे थरथरते ते पायाला कळेपर्यंत. यवतेश्वरच्या चढावर हँडब्रेक लावून गाडी कशी उचलायची, तेही त्यांनीच शिकवलं. पोवई नाक्यावर मागून हॉर्न वाजले की म्हणायचे, "ताई, वाजू देत. तुम्ही समोर बघा." सरांच्या त्या आवाजाची मला आजही फार किंमत वाटते.

क्लासला पैसे पडतात, रोज जेमतेम अर्धा तास मिळतो. म्हणून भीती वाटत असेल तर आधी क्लास, मग सराव घरच्या गाडीवर. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं, पक्क्याची परीक्षा ३० दिवसांनंतरच देता येते. सरावाला शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस मात्र हवंच. माझ्या शेजारी आता दादा बसतो, गप्प.