कश्रुत: अक्षरशः पाळायचं की प्रतीक म्हणून?

कश्रुत म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम. आधी एक गैरसमज काढून टाकू. अक्षरशः पाळणारे केवळ तोरातले, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातले, शब्द पाळतात, असं नाही.

प्राण्यांबाबत शब्द पुरेसे स्पष्ट आहेत. तोरातल्या लेवीय 11 आणि अनुवाद 14 या अध्यायांनुसार खूर दुभंगलेला हवा आणि प्राणी रवंथ करणारा हवा. एकच खूण असून भागत नाही, म्हणून डुक्कर बाद आणि उंटही बाद. माशाला पर आणि खवले लागतात, आणि खवला कातडी न फाटता निघायला हवा. रावस, बांगडा चालतात. मोरी, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूळ चालत नाहीत.

दूध-मांसाचं तसं नाही. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये’ एवढंच वाक्य तोरात तीनदा येतं. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्यातून तीन मनाया काढल्या: एकत्र शिजवणं, खाणं आणि त्यातून कुठलाही लाभ घेणं. कराईत पंथाचे ज्यू रब्बींची ही तोंडी परंपरा मानत नाहीत. त्यांच्यातले अनेक जण मनाई शब्दांपुरतीच धरतात आणि वेगळ्या जनावराचं दूध मांसासोबत चालवून घेतात. कोंबडीला दूध नसतंच, तरी ती रब्बींच्या नियमाने मांसात गेली. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातल्या नोंदीनुसार गालिलातल्या रब्बी योसे यांच्या गावी ती दुधासोबत खात. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाला मोठं स्थान आहे, आणि ते रब्बींच्या चौकटीत मांसासोबतही बसतं.

प्रतीकात्मक अर्थही आधुनिक पळवाट नाही. ‘अरिस्तियसचं पत्र’ हे ज्यू लेखन साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकातलं. त्यात दुभंगलेला खूर म्हणजे बऱ्या-वाइटाचा विवेक, रवंथ म्हणजे स्मरण आणि शिकारी पक्ष्यांची बंदी म्हणजे दुसऱ्याला ओरबाडू नये ही शिकवण. पण पत्राचा लेखक ताट बदलायला सांगत नाही. अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो तर अर्थ कळला म्हणून आचार सोडणाऱ्यांना स्पष्ट दोष देतो: आचार देह, अर्थ आत्मा, आणि आत्म्याचं घर म्हणून देह जपायचा. आचाराचं बंधन उघडपणे सोडलं ते अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी, 1885च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात.

आता रोजचं काम. अक्षरशः पाळायचं तर मांस विधिवत कापलेलं हवं. ते धुऊन अर्धा तास पाण्यात भिजवायचं, निथळून सगळ्या बाजूंनी मीठ लावायचं आणि रक्त वाहून जाईल अशा उतरत्या किंवा भोकांच्या फळीवर तासभर ठेवून तीनदा धुवायचं. मीठ फार बारीक असलं तर विरघळून जातं, फार जाड असलं तर चिकटत नाही. दोन्हींत रक्त नीट ओढलं जात नाही. कापल्यापासून 72 तास न भिजवता राहिलेलं मांस फक्त आगीवर भाजून चालतं. कलेजी तर नेहमीच थेट आगीवर. मांसानंतर दुधासाठी बहुतेक समाज सहा तास थांबतात, जर्मन परंपरेत तीन, डचांत एक. आपल्या घराण्याची रीत असेल तीच धरावी. सोयीप्रमाणे बदलत राहिलं की पाळणंच सुटतं.

अक्षरशः पाळण्याच्या बाजूचा खरा धोका मध्ययुगीन रब्बी रामबान (नाहमनिदिस) यांनी नेमका पकडला: परवानगी असलेलंच मांस आणि दारू हादडूनही माणूस हावरट राहू शकतो. प्रतीकाच्या बाजूचा धोका मला त्याहून मोठा वाटतो. अर्थ कुठल्याही ताटाला चिकटवता येतो, आणि मुलांच्या हाती करण्यासारखं काही उरत नाही. मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मैमोनिदिसने डुकराच्या बंदीला घाण आणि आरोग्याचं कारण जोडलं. तोरा वैद्यकाचं पुस्तक नव्हे, असा आक्षेप पुढे तोराचा भाष्यकार अबरबनेलने घेतला. आणि तो रास्तच आहे, कारण बंदी आरोग्यावर टेकवली तर डुक्कर स्वच्छ गोठ्यात वाढवलं की कारणच संपतं.

म्हणून निवड करणाऱ्याला सल्ला: आचार आधी, अर्थ त्याच्या जोडीला. एकदम सगळं जमणार नसेल तर आधी डुक्कर आणि शिंपल्या-कोळंबी बंद करा, मग दूध-मांसाची भांडी वेगळी करा, मग मांस कुठून येतं ते पाहा. कोशेर, म्हणजे या नियमांत बसणारं, मटण मिळत नसेल तर खवल्यांच्या माशावर घर चालवा. माशाला विधिवत कापणं लागत नाही की मीठ लावून रक्त काढणंही नाही. फक्त खरेदी करताना कातडी आणि खवले अंगावर असलेलाच मासा घ्या, सोललेल्या तुकड्यावरून जात ओळखता येत नाही.