जिम्नीच्या डिकीतलं स्वयंपाकघर : नऊ महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये मारुतीच्या पाच दारी जिम्नी गाडीच्या डिकीत स्वयंपाकाची पेटी बसवली. तेव्हापासून पाऊस, थंडी आणि आता उन्हाचा चटका, सगळं तिने सोसलं. सतराएक मुक्काम झाले. बसवली त्या आठवड्यात हे लिहिलं असतं तर कौतुकच केलं असतं. बरं झालं, नाही लिहिलं.

आधी जागेचं बोलू. गाडीची लांबी 3,985 मिलिमीटर. डिकी मागची सीट उभी असताना 208 लिटर आणि आडवी केल्यावर 332. आम्ही फिरणारे दोघंच, म्हणून सीट कायमची आडवी. पण आडवी केली तरी ती सपाट होत नाही, मध्ये पायरी राहते. त्यामुळे पेटीला पुढचे पाय आखूड आणि मागचे लांब द्यावे लागले. पेटी 85 सेंटिमीटर रुंद, 60 खोल, 32 उंच. गाडीला एकही भोक पाडलेलं नाही. डिकीतल्या हुकांना रॅचेटच्या पट्ट्यांनी आवळली आहे, दहा मिनिटांत बाहेर निघते.

पहिली पेटी 18 मिमीच्या मरीन प्लायची होती. सुतारमामा आयुष्यभर कपाटं करत आलेले, त्यांनी कपाटाचीच ताकद दिली. भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली तर रिकामी पेटी 41 किलो! दोघांनी उचलताना माझी कंबर धरली. मग 12 मिमीची दुसरी केली, ती 27 किलो भरली. मामा अजून म्हणतात, ‘टिकायची नाही.’ टिकली आहे.

आता मुख्य दुखणं. आपण व्हिडिओ बघतो ते ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या गाड्यांचे. त्यांची मागची काच किंवा अख्खं दार वर उघडतं आणि डोक्यावर आयतं छप्पर मिळतं. जिम्नीचं दार बाजूला उघडतं, वर स्टेपनी घेऊन. म्हणजे डोक्यावर आभाळ. जुलैत भंडारदऱ्याला पहिला चहा केला तेव्हा तो पातेल्यात कमी होत नव्हता, वाढत होता. उतारावर गाडी लावली तर दार स्टेपनीच्या वजनाने स्वतःच मिटायला बघतं. माझ्या कोपराला त्याचा प्रसाद दोनदा मिळालाय. आता दाराला दोरी बांधतो आणि छताच्या कडेला जी पन्हळ आहे तिला क्लॅम्प लावून ताडपत्री ओढतो. दोन बांबू, चार खुंट्या. वारा फार असेल तर तेही नको, सरळ बिस्किटं खायची.

चुलीसाठी कॅसेट स्टोव्ह घेतला, गॅसचा 220 ग्रॅमचा डबा आडवा बसतो तो. भात, पोहे, चहा झकास. पण भाकरीचा मोठा लोखंडी तवा त्यावर ठेवू नका. तवा स्टोव्हच्या बाहेर येतो आणि त्याची धग शेजारच्या डब्यावर उतरते. तिसऱ्या भाकरीला मी डब्याच्या झाकणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. आत दाब वाढत असतो, हे तेव्हा कळलं. चारी बाजूंनी पत्रा लावून वारा अडवणं हाही तोच धोका. मी आता फक्त वाऱ्याच्या बाजूला पत्रा लावतो, आणि तवा बर्नरपुरता, लहान.

भाकरीवरून दुसरी गोष्ट. मी मोठ्या हौसेने ओट्यासारखा बाहेर येणारा खण केला होता, 45 किलो पेलणाऱ्या चॅनलवर, म्हणजे खण सरकतो त्या लोखंडी पट्ट्यांवर. पण तो आकडा वजन सगळीकडे सारखं पसरलं असेल तेव्हाचा. खण पूर्ण बाहेर ओढून टोकाला पीठ मळायला घेतलं की टोक खाली बसतं. थापायला जोर लागतो, आणि प्रत्येक थापेला सगळी गाडी डुलते. बायकोने पहिल्याच मुक्कामात परात उचलली, पोतं अंथरलं आणि खाली बसून भाकऱ्या थापल्या. मी उभा राहून माझ्या ओट्याकडे बघत होतो. ओटा नंतर निम्मा कापला. त्यावर आता चिरणं आणि चहा एवढंच होतं, आणि तेवढ्याला तो उत्तम आहे.

खडखडाटाचं सांगायचं तर पहिले दोन महिने गाडीत वरातीचा बँड होता. भांड्यांच्या मध्ये जुन्या चादरीचे तुकडे आणि खणाच्या तळाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, एवढ्यावर ऐंशी टक्के आवाज गेला. उरलेला सांडशीचा होता. ती आता टॉवेलात गुंडाळलेली असते. कपाटाचं चुंबकाचं लॅच मात्र अजिबात लावू नका. आंबा घाटाच्या चढाला खण सुटला, मसाल्याचा डबा उघडला आणि सीटवर जी हळद सांडली ती अजून पूर्ण गेलेली नाही. साधी पितळी कडी लावली, विषय संपला.

पावसाळ्यात प्लायच्या कापलेल्या कडा फुगल्या आणि वरचा खण अडकला. सनमायका वरून होता, कडा उघड्याच. त्या घासून तीन हात पॉलिश मारलं. ऑक्टोबरनंतर हर्णै-आंजर्ल्याच्या दोन फेऱ्या झाल्या आणि खाऱ्या हवेने चॅनलवर तांबूस गंज धरला. आता किनाऱ्यावरून आलो की ओल्या फडक्याने पुसून तेलाचं बोट फिरवतो. फ्रिज घेतला नाही, घेणारही नाही. हर्णैच्या लिलावातून सुरमई घ्यायची, तिथेच बर्फ मिळतो, तो थर्मोकोलच्या पेटीत फोडून घालायचा. एक रात्र आरामात निघते.

डिसेंबरात पहाटे वेगळीच गंमत. घाटमाथ्यावर सात-आठ अंश असेल. स्टोव्ह पेटला, पण ज्योत मेणबत्तीसारखी. डब्यातला गॅस मुख्यतः ब्युटेन, तो उणे अर्ध्या अंशाच्या आसपास द्रव होतो. जळताना डबा स्वतःच गार पडत जातो, म्हणून शून्याच्या कितीतरी आधी दम सुटतो. डबा रात्री अंथरुणात घेऊन झोपायचा, एवढाच उपाय मी करतो. डबा ज्योतीवर शेकायला जाऊ नका, असला शहाणपणा करणारा माणूस मी पाहिलाय. उलट आता उन्हाळ्यात बंद गाडीत डबे विसरायचे नाहीत. डब्यावर 50 अंशांची मर्यादा छापलेली असते आणि उन्हात उभ्या गाडीत ती ओलांडायला वेळ लागत नाही. प्रवासात डबा स्टोव्हमधून काढूनच ठेवतो. मोठ्या आचेवर एक डबा दीड तासही पुरत नाही, हिशोबाने घ्या.

पाण्याला 10 लिटरचा नळवाला कॅन पुरतो. दोन्ही पेट्या, चॅनल, पॉलिश धरून साडेसतरा हजार गेले, त्यातले निम्मे चुकांचे. पहिल्या पेटीत स्टीलचं छोटं सिंकही बसवलं होतं, पाइपसकट. नऊ महिन्यांत दोनदा वापरलं. भांडी आपण झाडाखालीच घासतो. सिंक आता गॅलरीत आहे. खाली भोक आयतंच होतं, आईने त्यात पानओवा लावलाय.