1944 ची विलीज जीप म्हणून 8,50,000 मोजले, दारात आली रंगवलेली सीजे-3ए

आधी आकडे. टोकन 51,000. गाडी बघून आल्यावर 4,25,000. ट्रेलरवर चढवायच्या आधी 3,74,000. ट्रेलरचं भाडं 46,500 वेगळं. एकूण 8,96,500 रुपये. निवृत्तीच्या पैशातले. मुलगा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

मी अडाणी नाही. माझे वडील 1956 ला सैन्यात ड्रायव्हर म्हणून भरती झाले, तेव्हा त्यांच्या हाती पहिली दिलेली गाडी दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी जीप होती. मला त्या गाडीची माहिती आहे. जाळीला नऊ खाचा असतात, मागे फाळका नसतो, पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि गादी उचलून पेट्रोल भरावं लागतं. हे सगळं मी तिथे तपासलं. नऊ खाचा होत्या, फाळका नव्हता, गादीखाली झाकण होतं, डॅशवर गाडीची माहिती कोरलेल्या पितळी पट्ट्यासुद्धा होत्या. त्या पट्ट्या नव्या कोऱ्या बनवून मिळतात. पट्टी बघून एक रुपयाही देऊ नका.

स्टिअरिंग उजवीकडे होतं. एमबी सगळ्या डाव्या हाताच्याच निघाल्या, हे मला ठाऊक होतं. पण आपल्याकडे कितीतरी जीपचं स्टिअरिंग मागाहून उजवीकडे आणलेलं असतं. "बाद में राइट कराया है," विकणारा म्हणाला. मी मानलं. माझ्या जागी कुणीही मानलं असतं.

पण हेडलाइट. तिथे मी थांबायला हवं होतं.

एमबीचा हेडलाइट जाळीच्या मागे बिजागरीवर बसवलेला असतो. नट सैल केला की दिवा मागे उलटतो आणि उजेड थेट इंजिनावर पडतो, रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून. वडिलांनी हे मला इतक्यांदा सांगितलं होतं. हरियाणातल्या त्या शेडमध्ये, जानेवारीच्या धुक्यात, मी बोनेट उघडलं आणि दिव्याकडे हात नेला. त्यानं माझं मनगट हलकेच धरलं. "साहब, अस्सी साल का लोहा है, टूट जाएगा." हातात चहाचा ग्लास दिला. मी हात मागे घेतला. तो दिवा साध्या बोल्टनं जाळीला पक्का आवळलेला होता, बिजागरी नव्हतीच. दहा सेकंद लागली असती. आठ महिने झाले, रोज रात्री मला ते मनगट आठवतं.

गाडी घरी आल्यावर आमच्या मिस्त्रीनं मागच्या पत्र्यावर पॉलिश पेपर मारला. हिरव्या रंगाखाली बोटभर जाडीची पुट्टी, आणि पुट्टीखाली फाळक्याची सांध. वेल्डिंग करून बुजवलेली. ड्रायव्हरच्या बाजूला पेट्रोलच्या तोंडाचं भोकही तसंच बुजवलेलं. युद्धानंतर नागरिकांसाठी निघालेली सीजे-3ए होती ती. तिचा व्हीलबेस एमबीइतकाच, 80 इंच, आणि इंजिनही त्याच घराण्यातलं, म्हणून टेप लावून किंवा आवाज ऐकून काही कळत नाही. गिअरबॉक्सवर वेळ घालवा, एमबीचा टी-84, सीजेचा टी-90. चासीच्या पुढच्या बाजूला झोपून बॅटरी मारा. एमबीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, फोर्डनं बनवलेल्या तशाच जीपचा, म्हणजे जीपीडब्ल्यूचा, उलट्या यूसारखा. माझ्या गाडीत नळी होती, पण वेल्डिंगचे मणी ताजे चमकत होते. अंगावर चिखल लागेल म्हणून त्या शेडमध्ये मी झोपलो नाही.

नवी बॉडी करणं हा गुन्हा नाही, हेही सांगतो. डबवालीला कारागीर उघडपणे नव्या बॉड्या बनवतात, नवी म्हणूनच विकतात. पण या गाड्यांची किंमत असते ती मूळ चासीची, मूळ बॉडीची आणि जुळणाऱ्या नंबरांची. ते गेलं की उरतो पत्रा. मिस्त्रीनं माझ्या गाडीचे 2,75,000 धरले, तेही कागद स्वच्छ असते तर.

आणि कागद! 2021 च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नव्यानं नोंदवताना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे 20,000, पुनर्नोंदणीचे 5,000. मी ते पैसेही बाजूला काढून ठेवले होते. आरटीओत साहेबांनी चासीवरचा नंबर घासून पुन्हा ठोकलाय असं सांगितलं आणि फाइल परत केली. मग लेखी द्या म्हटलं, तर लेखी नाही. अकरा फेऱ्या झाल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी सर्व्हर बंद, कधी "पुढच्या मंगळवारी या काका". पोलीस ठाण्यात तर पहिलाच प्रश्न, "गाडी बघूनच घेतली ना?" मग "ही दिवाणी बाब आहे", मग "तिकडे हरियाणात जाऊन तक्रार करा". भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलम छापून नेलं. हवालदारानं तो कागद मला परत दिला आणि म्हणाला, "वकील आहात का?" भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? ज्यानं नंबर घासला तो मोकळा, आणि घासलेल्या नंबरची गाडी दारात ठेवल्याबद्दल मलाच दम!

पैसे एका तिसऱ्याच माणसाच्या चालू खात्यात मागितले होते. नाव वेगळं दिसलं की तिथेच उठा. आणि आरसीचा फोटो व्हॉट्सअपवर आला तरी पुरे म्हणू नका, मूळ आरसी हातात घेऊन गाडीपाशी उभं राहून नंबर वाचा, पेन्सिल घासून ठसा घ्या.

परवा जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तेच, माझ्या ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीचे. डाव्या मडगार्डवरचा पोचासुद्धा तोच. आता साल 1942 आणि किंमत 9,75,000 लिहिली आहे.