नवीन फर्नेसचं कोटेशन हातात पडलंय? आधी या माणसाला बोलवा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्यांसाठी लिहितेय. फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, दुरुस्त करणारा हा टेक्निशियन एकटाच काम करतो, नाव-नंबर हवा असेल त्यांनी मला मेसेज करा.

जानेवारीत आमच्या स्मार्ट थर्मोस्टॅटचा (घराचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या यंत्राचा) स्क्रीन मध्येच काळा पडायला लागला. रात्री 70 फॅरनहाइटवर लावलेलं घर सकाळी 61 वर आलेलं असायचं. सासू-सासरे नाशिकहून आलेले, सासूबाईंचे गुडघे थंडीने धरलेले, त्यामुळे चालढकल शक्यच नव्हती. आधी एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. बेसमेंटमध्ये टॉर्च मारून पाहिलं, फर्नेसचा कंट्रोल बोर्ड गेलाय, फर्नेस जुनी आहे, बदलूनच टाका म्हणाला. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला त्याने हातही लावला नाही. मला ते अजिबात पटलं नाही.

हा दुसरा मात्र आधी तिकडेच वळला. फर्नेसचा स्विच बंद करून थर्मोस्टॅट उतरवला, आर (वीज आणणारी) आणि डब्ल्यू (फर्नेसला पेटायला सांगणारी) या वायरी एका तुकड्याने एकमेकींना जोडल्या आणि स्विच पुन्हा चालू केला. थोड्या वेळात खाली बर्नर पेटल्याचा आवाज आला. म्हणजे फर्नेस ठणठणीत! सासऱ्यांना सगळं समजून घ्यायचं होतं, तर त्यांच्यासाठीही तो थांबला. तो म्हणाला, या वायरींत 24 व्होल्टच असतात. स्मार्ट थर्मोस्टॅटला स्क्रीन आणि वाय-फायसाठी सतत वीज लागते, त्यासाठी सर्किट पूर्ण करणारी सी (कॉमन) वायर लागते. सी नसेल तर तो बाकीच्या वायरींतून थोडी थोडी ओढून आतली बॅटरी भरतो, आणि कडाक्याच्या थंडीत तेवढं पुरत नाही.

मग भिंतीतल्या भोकातून त्याने केबल पुढे ओढली. निळी वायर तपकिरी आवरणाभोवती गुंडाळून ठेवलेली, टोक सोललेलंसुद्धा नाही. खाली फर्नेसपाशीही तीच गत. थर्मोस्टॅट बसवणाऱ्याने ती जोडलीच नव्हती! दोन्ही टोकं सोलून सीला जोडली, मीटर लावून आकडा मला दाखवला. 26 व्होल्टच्या आसपास होता, एवढा चालतो म्हणाला. जाता जाता बोर्डावरचा जांभळा 3 अँपिअरचा फ्यूज तपासला आणि फ्लेम सेन्सर (ज्योत पेटली की नाही ते ओळखणारा) घासून साफ करून दिला, त्याचे वेगळे पैसे न घेता.

बिल झालं 160 डॉलर. त्यानंतर स्क्रीन एकदाही गेलेला नाही. प्रत्येक गोष्ट तपासून, दाखवून मगच बोलणारा माणूस इथे मिळणं कठीण आहे, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

तक्रारी आहेत. सांगितलेल्या वेळेपेक्षा बराच उशिरा आला. थंडीची लाट होती, कामं तुंबली असणार, पण एक टेक्स्ट करायला हवा होता. फोन उचलत नाही, मेसेजच करावा लागतो. कार्ड चालत नाही, चेक द्यावा लागतो. पावती आपणहून देत नाही, मागून घ्या. आणि तुमच्याकडे हीट पंप असेल तर आधीच सांगा, ते काम तो घेत नाही.